एका इंचात दीडशे लिटर

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या सगळ्या गटांतल्या ताई, माई, वहिनींनो!

आज बोलू या आपल्या कामाच्या शेडच्या पाण्याबद्दल. ज्या शेडला विजेची लाइन नाही, बोअर नाही आणि नळही पोचलेला नाही, तिच्याबद्दल. गटाला शेडसाठी मिळेल ती जागा घ्यावी लागते, आणि ती बहुतेक वेळा वस्तीबाहेर असते. पावसाळ्यात काही वाटत नाही. पण आपला खरा हंगाम कधी? करवंदं, कैरी एप्रिल-मेमध्ये. पापड-कुरडया उन्हाळ्यातच. नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते. मग पाच जणींतल्या दोघी हंडे वाहणार आणि तिघी काम करणार. मागणी असून माल होत नाही. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतोच.

आणि पाऊस केवढा पडतो आपल्याकडे! वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपली शेड २० फूट बाय ३० फूट धरू. म्हणजे ६०० चौरस फूट, सुमारे ५६ चौरस मीटर. छपरावर वर्षाला पडलं १,६८,००० लिटर. काही सांडतं, काही वाऱ्याने उडतं, म्हणून पाचातला एक भाग सोडा. तरी १,३४,००० लिटर उरतं.

एवढं सगळं साठवायचं का? नाही. टाकी पावसाच्या मापाने बांधायची नसते, गरजेच्या मापाने बांधायची. फळं धुवायला ४० लिटर, भांडी आणि फरशीला ३०, हात धुवायला आणि प्यायला २०. दिवसाला झाले ९० लिटर. दिवाळीपासून मृगापर्यंत कामाचे २०० दिवस धरले तर १८,००० लिटर. त्यात आणखी २,००० मिळवा. ते कशासाठी, ते पुढे सांगते. एकूण २०,००० लिटर.

एक मोठी टाकी बांधण्यापेक्षा १०,००० लिटरच्या दोन बऱ्या. एक धुवायला काढली किंवा गळली, तर दुसरी असते. लोखंडी जाळी आणि सिमेंटची, म्हणजे फेरोसिमेंटची गोल टाकी ९ फूट रुंद आणि ६ फूट उंच ठेवली की हे माप बसतं. भरल्यावर एकेका टाकीत दहा टन वजन असतं. म्हणून पाया कातळावर किंवा घट्ट मुरुमावर हवा, भरावावर नको. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, ते आपण विसरलेलो नाही. टाकी भरल्यावर वाहून जाणारं पाणी उताराला मोकळं सोडू नका. पाइपाने ओढ्यापर्यंत न्या.

बांधकाम दिवाळीनंतर लगेच घ्या. नव्या सिमेंटला दोन आठवडे पाणी मारावं लागतं, आणि ते पाणी मे महिन्यात आणणार कुठून?

आता छप्पर. पत्रा किंवा कौलं चालतील, सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे नकोत. पन्हळीला दहा फुटांना एक इंच उतार द्या. आपल्याकडच्या सरी जोरदार, म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार इंचांचा पाइप लावा. पहिल्या पावसात छपरावरची धूळ, पाला, पाखरांची घाण येते. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. आपल्याला पावसाची टंचाई नाही, तेव्हा मृगाचे पहिले काही दिवस पाइप बाहेरच सोडून ठेवा. पुढेही मोठी उघडीप झाली की पहिलं शंभरेक लिटर आधी वेगळ्या पिंपात जाऊ द्या. टाकीच्या तोंडावर बारीक जाळी आणि घट्ट झाकण हवंच. ऊन आत गेलं की शेवाळ धरतं, डास गेले की आजार येतो. नव्या टाकीचं पहिलं भरलेलं पाणी सोडून द्या.

वीज नाही, मग पंप? नकोच. खोपोलीला १९१५ पासून पाण्यावर वीज होते, ती घाटावरून नळांतून खाली येणाऱ्या पाण्याच्या जोरावर. आपल्याला तेवढा जोर लागत नाही. टाकी दीड फूट उंच ओट्यावर बसवली की नळाखाली बादली मावते. टाकीचं तोंड मात्र पन्हळीच्या खाली राहिलं पाहिजे. नळापर्यंतचा पाइप अर्ध्या इंचाऐवजी एक इंचाचा घ्या, म्हणजे धार बरी पडते.

हे पाणी खाण्याच्या मालाला लागणार, म्हणून तपासणी चुकवू नका. गावात पाणी तपासायचं किट आणि ते शिकलेल्या महिला असतात, त्यांना बोलवा. क्लोरीन किती घालायचं ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. शेवटच्या धुण्याला आणि शिजवायला उकळलेलंच पाणी वापरा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मार्चमध्ये वाडीत प्यायला पाणी नसेल आणि आपल्या शेडच्या नळाला कुलूप असेल, तर काय? शेजारीण हंडा घेऊन येणार. तिला नाही म्हणवत नाही. आणि सगळ्यांना हो म्हटलं तर होळीनंतर शेड बंद. हा निर्णय त्या दिवशी दारात उभं राहून घ्यायचा नसतो. दिवाळीच्या बैठकीतच ठरवा आणि वहीत लिहा. ते २,००० लिटर त्यासाठीच. बाळंतीण, आजारी माणूस, म्हाताऱ्या एकट्या बाया यांच्यासाठी राखीव. कोणाला, किती, कोण देणार, तेही लिहा. मग नाही म्हणावं लागलं तरी ते एकीच्या तोंडचं नसतं, गटाचं असतं.

उरलेल्या पाण्याचा हिशेब काठीने ठेवा. वेळूच्या काठीवर इंचाच्या खुणा करा आणि दर सोमवारी टाकीत बुडवून बघा. या मापाच्या टाकीत एक इंच म्हणजे दीडशे लिटर, आपलं दीड दिवसाचं काम. राखीव पाणी म्हणजे एका टाकीतले खालचे तेरा इंच. तिथे लाल खूण करा. बचतीच्या वहीत जशी शिल्लक लिहितो, तशी पाण्याचीही लिहा. पाणी अंदाजापेक्षा लवकर उतरत असेल, तर ते जानेवारीतच कळेल आणि मोठी मागणी किती घ्यायची ते ठरवता येईल.

कोथळीगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. त्या काळी वर राहणाऱ्यांनीही पावसाचंच पाणी धरून ठेवलं. ते आपल्यालाही जमेल. या महिन्याच्या बैठकीला मोजपट्टी न्या. छपराची लांबी-रुंदी आणि दिवसाला लागणाऱ्या बादल्या, एवढं वहीत लिहून आणा. गवंड्याला त्यानंतरच बोलवा.