शाळाच फडावर आली पाहिजे
(ऊसतोड बंधुभगिनींच्या सभेंत केलेलें भाषण)



दिवाळीच्या सुमारास तुम्ही बिऱ्हाड ट्रॅक्टरांत घालून कारखान्याची वाट धरतां. हातीं कोयता, काखेंत तान्हें, आणि शाळेंतलें पोरही बरोबर. गांवच्या हजेरीपटावर त्याचें नांव राहतें. तें मात्र फडांत पाचटाशीं खेळत असतें. मग शहाणे लोक म्हणतात, 'या लोकांस विद्येची गोडीच नाहीं.' हा आरोप आम्ही साफ नाकारतों. गोडी आहे, पण शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें आणि तुमचा हंगाम त्याच्या ऐन मध्यावर येतो. पोट सोडावें कीं पाटी सोडावी, हा पेंच गरिबापुढें टाकणें हाच अन्याय होय.

जोतीराव फुले यांनीं हें मर्म ओळखलें होतें. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांकरितां त्यांनीं १८५५ सालीं रात्रीची शाळा काढली. राबणारा दिवसा येऊं शकत नाहीं, तर शाळेनें रात्रीं उघडावें, इतका हा सरळ हिशेब!

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडास हाच हिशेब पुढें चालविला. मुलें बालवाडींत येत ना, तेव्हां बालवाडीच पाड्याच्या अंगणांत गेली. आदिवासी पोरें गुरांमागें जात, म्हणून कुरणांत शाळा भरली. थोरली बहीण धाकट्यास सांभाळीत घरीं राही. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. तान्हें पाळण्यांत, बहीण वर्गांत, आणि आई कामावर निर्धास्त! एका शाळेनें सारें घर सांवरलें.

कोणी म्हणतील, अशी शाळा म्हणजे गरिबांकरितां हलकी शाळा. तशी ती होऊं द्यावयाची नाहीं. वेळ निराळी असो, जागा निराळी असो. विद्या मात्र तीच व तितकीच हवी. कोपीशेजारीं फळा टांगला आणि शिक्षक आला नाहीं, तर ती शाळा नव्हे, फसवणूक होय. पोरानें गुरें राखावीं, ऊस बांधावा, हेंही आमचें म्हणणें नाहीं. कामांतून सुटेपर्यंत त्याची विद्या अडूं नये, इतकेंच.

साखरशाळा याच हेतूनें निघाल्या. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. दाखला मागाहून येईल म्हणून प्रवेश अडवितां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवा.

तेव्हां यंदा उचल घेतांना मुकादमास, आणि फडावर पोंचतांच कारखान्यास व तेथल्या शाळेस, एकच प्रश्न विचारा: 'आमच्या पोरांचा वर्ग कोठें?' एकट्यानें नव्हे, सबंध टोळीनें विचारा. कोयता तुम्हांस वडिलांच्या हातून मिळाला. तो पुढें पोराच्या हातीं जाऊं नये.