एक मिनिट मोजा
(२६ जानेवारी २०२६ रोजी सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, काका, तुम्ही संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या हिशोबावर बोला. हिशोब लेखापरीक्षकांनी छापला आहे, तो स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर वाचा. मी आज वेगळ्या विषयावर बोलणार आहे. २००१ साली आपली नोंदणी झाली तेव्हा इथे राहायला आलो ते आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीचे. आज जिन्यात परत दुपटी वाळत घातलेली दिसतात. नातवंडांची पिढी आली आहे. म्हणून विषय निवडला आहे लहान मुलांचं आजारपण.

तुम्ही म्हणाल, बँकेतला माणूस, याला डॉक्टरकीतलं काय कळतं? बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते आपल्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्या. पण दोन गोष्टी मी स्वतः भोगल्या आहेत. पहिली कधी चारचौघांत बोललो नव्हतो. आज बोलतो, कारण माझं वय झालं आणि ती माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं.

१९७९ साल. मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. आमचं पहिलं अपत्य, मुलगी, आठ महिन्यांची. उन्हाळ्याचे दिवस. तिला जुलाब सुरू झाले. घरात माझी आई होती. आई म्हणाली, पाणी देऊ नका, वरचं दूध बंद करा, पोटात जितकं जाईल तितकं बाहेर पडेल. त्या काळी सगळीकडे असंच म्हणायचे. सौभाग्यवती म्हणाली, अहो, तिचे ओठ कोरडे पडलेत. मी म्हणालो, आईला जास्त कळतं.

मी पदवीधर. रोकड एक रुपयाने जुळली नाही तर रात्री नऊपर्यंत शाखेत बसणारा. पण मुलीने सकाळपासून लघवी केली की नाही, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले, टाळू आत ओढली गेली, रडताना डोळ्यात पाणी येईना. जीप मिळायला दुपार झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

आईला मी कधी दोष दिला नाही. तिला जे शिकवलं गेलं तेच तिने केलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी एक गोष्ट वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंप भरले आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पेल्याने पाजत राहा. जिथे शंभरात तीसपर्यंत माणसं दगावत होती, तिथे ते प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. म्हणजे माझी मुलगी गेली त्याच्या आठ वर्षं आधी हा उपाय माहीत झालेला होता. फक्त आमच्या घरापर्यंत आला नव्हता.

आज तो प्रत्येक मेडिकलवर, प्रत्येक आशाताईच्या पिशवीत आहे. म्हणून आधी हे पक्कं करा. जुलाबात पाणी बंद करायचं नाही, वाढवायचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायचं. लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिलेलं माप पाहायचं. आज चमचाभर, उद्या चमचाभर असं करायचं नाही, कारण प्रमाण बिघडलं तर फायद्याऐवजी तोटा. वर साखर किंवा मीठ घालायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर साधारण अर्धा ते एक छोटा कप, त्यापेक्षा मोठ्याला एक ते दोन कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्याने सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मोठ्या बाळाला भाताची पेज, मऊ खिचडी, ताक द्यायचं. यात आपल्या आज्या अगदी बरोबर होत्या. डॉक्टर त्याच्याबरोबर झिंकची गोळी चौदा दिवस देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून ती बंद करू नका.

आणखी एक. ओआरएस असं मोठ्या अक्षरात लिहिलेली, फळांच्या चवीची गोड पेयं बरीच वर्षं विकली जात होती. त्यात साखर जास्त, म्हणजे जुलाब वाढण्याची भीती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी केली. तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या. आपण चेकवरची सही तपासतो ना, तसं.

आता दुसरी गोष्ट. ती दोन वर्षांपूर्वीची, आणि याच सोसायटीतली.

पौषातली थंडी. आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याला वारं कसं बोचतं ते सांगायला नको. नातू चौदा महिन्यांचा. तीन दिवस सर्दी-खोकला. मी अनुभवी माणूस! मी निकाल दिला, दात येताहेत, ओव्याची पुरचुंडी शेकवा, सकाळी बघू. रात्री साडेदहाला सूनबाईंनी त्याचा अंगरखा वर केला आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. मी म्हणालो, अगं, झोपू दे त्याला. ती म्हणाली, "पप्पा, एक मिनिट शांत बसा, मला मोजू द्या." अठ्ठावन्न. पुन्हा मोजलं, छप्पन्न. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात होता. ते मी सकाळपासून बघत होतो, पण मला ते दिसलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गाडी काढली. वडाळीभोई, पिंपळगाव, ओझर करत नाशिक गाठलं. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि लगेच दाखल करून घेतलं. न्यूमोनिया. चार दिवस ऑक्सिजन आणि इंजेक्शनं. डॉक्टर मला म्हणाले, आजोबा, सकाळपर्यंत थांबला असतात तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. तो नातू आत्ता त्या खांबामागे झेंडा फिरवतोय.

सूनबाईंना हे मोजणं कुणी शिकवलं? लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी. हे शास्त्र कसं गावोगावी गेलं, त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास सर्च ही संस्था सुरू केली. तिथे बाळांच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनिया फार मोठं कारण निघालं. डॉक्टर जवळ नाही, आणि गावातल्या दाईला साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत. मग त्यांनी मण्यांचं साधं श्वासमापक केलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मणी आला की बाळ आजारी. पुढे गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. त्या गावांतलं बालमृत्यूचं प्रमाण हजारी १२१ होतं, ते तीसच्या आसपास आलं. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा. आपल्या सोसायटीतले काही लोक त्यांना दारातूनच परत पाठवतात, आमचे डॉक्टर नाशिकचे आहेत म्हणून. असं करू नका. त्यांना बसवा, चहा द्या, बाळाचं वजन करू द्या.

तर आकडे पाठ करा. मूल शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त असतील, तर डॉक्टरकडे. साठ, पन्नास, चाळीस. लिफ्टमध्ये चिकटवायला मी हे मोठ्या अक्षरात लिहून आणलं आहे.

आणि काही लक्षणं अशी की मुहूर्त बघायचा नाही, घरात चर्चा करायची नाही, निघायचं. मूल दूध किंवा पाणी घेत नाही. जे घेतं ते सगळं उलटून टाकतं. झटके आले. मूल मलूल पडलं, हाक मारून नीट जागं होत नाही. छाती आत ओढली जाते. सहा-आठ तास लघवी नाही. शौचात रक्त. आणि दोन महिन्यांखालचं बाळ तापलं किंवा उलट गार पडलं, तर तेही तितकंच गंभीर.

झटके आले तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा हुंगवू नका. कांदा आपलं पीक आहे, पण त्याचा भाव लासलगावला बघू, मुलाच्या नाकाशी नको.

औषधांबद्दल थोडं. तापाचं औषध वयावर नाही, वजनावर ठरतं. थेंबांच्या छोट्या बाटलीतलं पॅरासिटामॉल सिरपपेक्षा चौपट तीव्र असू शकतं. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने दिलं की घोटाळा झालाच. घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं माप वापरा. खोकल्याच्या औषधाचं तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काय झालं ते आपण वाचलं. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची कोवळी मुलं दूषित सिरपने मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यातली काही नागपूरला उपचार घेत होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. मागच्या वेळची उरलेली बाटली, शेजारच्या मुलाला लागू पडलेली बाटली, दोन्ही नकोत. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. नाका-कानात तेल घालू नका. मालिश खुशाल करा.

दवाखान्यात जाताना लसीकरणाचं कार्ड घ्या. कोणतं औषध किती वाजता दिलं, ते कागदावर लिहा. झटका किंवा श्वास यांचा व्हिडिओ असेल तर दाखवा. डॉक्टरांशी एकाच माणसाने बोलावं, आणि तो शक्यतो मुलाजवळ रात्रभर होता तोच असावा. बहुधा ती आईच असते. आम्ही आजोबांनी बाहेर बाकावर बसावं.

चांदवडला उपजिल्हा रुग्णालय आहे. नाशिक साधारण पासष्ट किलोमीटर. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्या बाळाला उपचार आणि ने-आण मोफत मिळते. तो आपला हक्क आहे, कमीपणा नाही. वाटेत तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. त्याहून चांगली ऊब नाही.

आता मागण्या. बँकेतला माणूस मागणी केल्याशिवाय बसत नाही. पहिली, सोसायटीच्या ऑफिसात ओआरएसची वीस पाकिटं आणि एक थर्मामीटर कायम ठेवावं. खर्च मेन्टेनन्समधून, दर सहा महिन्यांनी मुदत तपासावी. दुसरी, रात्री गाडी काढू शकतील अशा पाच जणांचे नंबर वॉचमनकडे असावेत. तिसरी, आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं म्हणून आपण बादल्या आणि पिंप भरून ठेवतो. रांगतं मूल अर्ध्या बादलीतही बुडतं. झाकणं लावा, आणि गच्चीच्या टाकीला कुलूप हवं.

चौथी मागणी माझ्या वयाच्या मंडळींना. आपला अनुभव मोठा आहे, नातवंडांवर माया आहे. पण घरातली सून किंवा लेक जेव्हा म्हणते, मुलाचं काहीतरी बिनसलंय, तेव्हा तिला गप्प करू नका. १९७९ साली आमच्या घरात एक आई म्हणाली होती, ओठ कोरडे पडलेत. तिचं ऐकायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. हे भाषण करू का, असं मी काल तिला विचारलं. ती म्हणाली, "करा, पण मुलीचं नाव घेऊ नका." म्हणून घेतलं नाही.

 संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा. तेव्हा मी नसेन, पण खांबामागचा तो झेंडेवाला असेल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.