छावणीतले दिवस आणि निर्वासितांचे मन

निर्वासितांच्या मानसिक यातनांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर गोळीबार, जाळपोळ, रात्रीची पळापळ येते. जे पाहिले-सोसले तेच माणसाला आतून पोखरत राहते, असे आपण धरून चालतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की युद्ध जखम करते. ती भरणार की चिघळणार, हे बऱ्याच अंशी नंतरचे दिवस ठरवतात.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. त्यांनी गावे जळताना पाहिली, घरची माणसे गमावली. मनाच्या तगमगीला त्यांच्याही बोलीत ‘अशांती’ म्हणतात. आता त्यांच्या खोपटात डोकावून पाहू. बांबू आणि ताडपत्री. पक्के बांधकाम करायला मनाई, म्हणून दर पावसाळ्यात तीच ताडपत्री पुन्हा ताणून बांधायची. पूर्वी शेती किंवा मासेमारी करणाऱ्या बापाला रीतसर काम करण्याची परवानगी नाही. २०२३ मध्ये माणशी महिन्याची अन्नमदत १२ डॉलरवरून १० वर, मग ८ वर आली. घरात आणायला काही नसलेल्या बापाच्या शब्दाला वजन उरत नाही. त्याची चीड बायकोवर निघते, खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, मुलगा मलेशियाला जाणाऱ्या होडीत चढतो. यातले काहीही रणभूमीवर घडत नाही. पोर्टर आणि हॅसलम या संशोधकांनी २००५ मध्ये निर्वासितांवरचे ५६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेच दिसले: ज्यांना स्वतःचे घर आणि कमाईची संधी मिळाली त्यांची मनःस्थिती बरी, सामुदायिक निवाऱ्यात राहिलेल्यांची वाईट.

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा दाखला इथे द्यायलाच हवा. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केले होते. तिथून इराणमार्गे ती इकडे आली. वळिवड्यात त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत होती. मुलाला सकाळी दप्तर घेऊन कुठेतरी जायचे असे आणि आईला त्याची तयारी करून द्यायची असे. दिवसाला असा आकार असणे हाही उपचारच आहे, असे मी मानतो. त्याने दुःख मिटले नाही. १९४५ मध्ये याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला आणि अनेकांना परतायला गावच उरले नाही.

यावर कोणी म्हणेल, ५,००० कुठे आणि १० लाखांच्या घरातली छावणी कुठे! शिवाय पोलिश लोक मित्रराष्ट्राचे होते, त्यांच्या मागे लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार होते; बांगलादेश हा दाट वस्तीचा देश आहे, आणि ओझे त्याने एकट्याने उचलायचे काय? हा आक्षेप खरा आहे. पैसा जगानेच द्यायला हवा. पण काम आणि शिक्षण यांवरची बंधने पैशाच्या अभावातून आलेली नाहीत. लोक कायमचे राहतील या भीतीतून आली आहेत. दुसरा आक्षेप, आधी पोट, मग मन. मन हा पोटानंतर वाढायचा पदार्थ असता तर तो पटला असता. इथे तर पोट कोण भरतो, यावरच बापाचे मन टेकलेले आहे. समुपदेशक हवेतच, पण तासभर बोलून माणूस परत त्याच रिकाम्या दिवसात जातो.

शिकलेला निर्वासित परत जाणार नाही, ही भीतीही तपासून पाहावी. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. तरी छावणीतल्या पालकांचे मागणे होते की मुलांना म्यानमारचाच अभ्यासक्रम शिकवा. २०२१ च्या अखेरीस तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला, आणि बांबूच्या वर्गात मुले बर्मी अक्षरे गिरवू लागली.