बिनतारी माइक : त्याची निवड व वापर
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेंत बोलावयाचें म्हणजे गांवचा इतिहास किंवा पूर्वजांची श्रद्धा असा एखादा गंभीर विषय घ्यावा, अशी रूढी आहे. ते विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांच्या हातीं आहेत; आम्ही मात्र आज एका लहानशा यंत्राविषयीं बोलणार आहों. महोत्सवाच्या रात्रीं मंडपांत मुलांचें नाटक व्हावयाचें आहे, गायनवृंदाचीं गीतें व्हावयाचीं आहेत आणि सूत्रसंचालकांस चार तास उभें राहून बोलावयाचें आहे. तीन महिने पाठ केलेलें भाषण एखादी नववींतली मुलगी धीटपणें म्हणूं लागते आणि नेमका तिच्याच वेळीं माइक दोन शब्द देऊन तिसरा गिळतो. पुढल्या खुर्च्यांवरील पाहुण्यांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. त्यांस माइकावांचूनही ऐकूं येतें. ज्यांच्या वर्गणीवर मंडप उभा राहिला ते मागल्या बांकांवरचे म्हातारे मात्र एकेक करून उठतात व घराची वाट धरतात. मुलीस वाटतें, आपलेंच कांहीं चुकलें. हें दृश्य ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस आमचा विषय क्षुद्र वाटणार नाहीं.

बिनतारी माइकाचीं अंगें तीन. आवाज पकडणारा माइक, त्या आवाजाच्या रेडिओ-लहरी करून सोडणारा प्रक्षेपक, आणि त्या लहरी झेलून पुन्हां आवाज करून देणारें ग्राहकयंत्र. हातांत धरावयाच्या माइकांत पहिलीं दोन अंगें एकाच दांड्यांत असतात. अंगावर लावावयाच्या माइकांत प्रक्षेपक कमरेस अडकविलेल्या डबींत असतो. म्हणजे हा माइक एक चिमुकलें रेडिओ-केंद्रच आहे, आणि त्याचे सर्व गुण व सर्व खोड्या एवढ्या एका गोष्टींतून निघतात.

म्हणून आमचें पहिलें मत ऐकून कोणी रागावूं नये. जेथें तारेनें काम भागतें तेथें तारच बरी. वाचक उपदेशपीठावरून हलत नाहीं. मिस्सांतील वाचनासाठीं त्याला बिनतारी माइक देण्यांत शोभेपलीकडे कांहीं साधत नाहीं. तारेस सेल लागत नाहींत, तिच्या वाटेंत दुसऱ्याची लहर येत नाहीं, आणि त्याच पैशांत तारेचा माइक पुष्कळ चांगल्या प्रतीचा मिळतो. आमच्या जुन्या देवळांच्या उंच छतांखालीं जो घुमारा उठतो, तोही बिनतारी माइकानें कमी होत नाहीं. तो कर्ण्यांच्या मांडणीचा प्रश्न आहे. फिरणाऱ्या, नाचणाऱ्या, अभिनय करणाऱ्या किंवा श्रोत्यांत उतरून बोलणाऱ्या माणसासाठींच बिनतारी माइक आहे.

त्याची गरज मोठमोठ्यांस कशी पडली, याचीं दोन उदाहरणें सांगण्याजोगीं आहेत. १९६४ सालीं ‘माय फेअर लेडी’ हा बोलपट निघाला. ज्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनीं आपली ‘ती फुलराणी’ रचली, त्याच नाटकाचा हा संगीत अवतार. त्यांतील प्रोफेसराची भूमिका करणारे रेक्स हॅरिसन गाणीं अर्धीं बोलत, अर्धीं गात, आणि दोनदां सारखीं कधींच म्हणत नसत. आधीं मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलविणें त्यांस जमण्यासारखें नव्हतें. तेव्हां त्यांच्या गळपट्ट्याखालीं बिनतारी माइक दडवून गाणीं जागच्या जागींच मुद्रित केलीं, आणि त्या वर्षाचें ध्वनीचें ऑस्कर पारितोषिक या चित्रास मिळालें. दुसरें उदाहरण इंग्रज गायिका केट बुश यांचें. १९७९ सालच्या दौऱ्यांत त्यांस गावयाचें होतें व त्याच वेळीं हातवारे करून नाचावयाचेंही होतें. त्यांच्या ध्वनियोजकानें कपडे टांगावयाच्या तारेच्या हँगराची चौकट वांकवून डोक्यावर बसविली व तिच्या टोकास माइक लावला. आज सर्वत्र दिसणारा डोक्यावरचा माइक असा हँगरांतून प्रसिद्धीस आला.

आतां कोणास कोणता द्यावा? येथें एक नियम ध्यानांत ठेवला कीं बाकीचें आपोआप सुचतें. तोंडापासून माइकाचें अंतर निम्में केलें तर पोंचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौपट होते. कोटास लावलेला माइक तोंडापासून सुमारें २० सेंटिमीटरांवर असतो. डोक्यावरच्या माइकाचें टोंक ओठांच्या कोपऱ्यापाशीं दोन-तीन सेंटिमीटरांवर. कोटावरच्या माइकांत म्हणून आवाज चढवावा लागतो, आवाज चढविला कीं कर्ण्याचा आवाज पुन्हां माइकांत शिरतो, आणि शिट्टी सुरू होते. शिवाय बोलणाऱ्यानें मान वळविली कीं शब्द बाजूस पडतात. शांत सभागृहांत बसून बोलणाऱ्या व्याख्यात्यास तो शोभतो; ढोल-ताशांच्या मंडपांत नाटकाच्या मुलांस तो देणें म्हणजे त्यांस उघड्यावर सोडणें होय. मुलांस डोक्यावरचाच द्यावा. त्याचें टोंक ओठांच्या समोर नको, किंचित् बाजूस हवें. नाहीं तर ‘प’ आणि ‘फ’ यांच्या वाऱ्याचे धक्के ऐकूं येतात. गालावर वैद्यकीय चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा, म्हणजे तो सरकत नाहीं.

गायकास व सूत्रसंचालकास हातांतला माइकच उत्तम. कुशल गायक तो जवळ-दूर नेऊन आवाजाचे चढउतार स्वतःच सांभाळतो. तें काम मिक्सरावर बसलेल्या मनुष्यास तितक्या नेमकेपणानें कधींच साधत नाहीं. मात्र चित्रांत पाहून आमचे तरुण माइकाचें जाळीदार डोकें मुठींत दाबून धरतात, तें सोडावें. त्या जाळीमागें मागचा आवाज टाळण्याची योजना केलेली असते. मूठ आवळतांच ती बुजते, आणि माइक चहूंकडचें ऐकूं लागून किंचाळतो.

खरी कसोटी आहे ती लहरींच्या निवडींत, आणि पैसे बहुधा येथेंच बुडतात. प्रत्येक माइकाची लहर दर सेकंदास अमुक लक्ष कंपनांची असते. हा आंकडा मेगाहर्ट्‌झमध्यें यंत्रावर छापलेला असतो. विकत घेतांना आधीं तो वाचावा, रंग व आकार मागाहून पाहावे. आमच्या पुष्कळ घरचीं मुलें आखातांत, जहाजांवर व अमेरिकेंत नोकरीस आहेत. कोणी प्रेमानें तिकडून देवळासाठीं माइकाचा संच आणतो. हेतु उत्तम, परंतु अमेरिकेंत ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत माइक वापरण्यास २०१० पासून, व ६०० च्या पट्ट्याच्या मोठ्या भागांत १३ जुलै २०२० पासून मनाई झाली, कारण त्या लहरी मोबाइल कंपन्यांस दिल्या गेल्या. असे निकामी ठरलेले जुने संच स्वस्तांत सुटतात, यांत नवल नाहीं. इकडे आपल्या देशांतही २०२२ च्या लिलावांत ७०० च्या पट्ट्यांतील लहरी जिओ कंपनीनें घेतल्या. त्या पट्ट्यांत ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्‌झवर फोन बोलतात आणि ७५८ ते ८०३ वर मनोरे. या आंकड्यांत बसणारा माइक कोणी फुकट दिला तरी आभार मानून परत करावा. परवान्याच्या बाबतींतही विक्रेत्याचें तोंडी आश्वासन पुरेसें नाहीं. दूरसंचार खात्याची मान्यता आहे कीं नाहीं, तें कागदावर मागावें.

२४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय मोकळा आहे, आणि नव्या स्वस्त संचांपैकीं बरेचसे त्यांतच चालतात. लहान वर्गास, पंधरा-वीस हातांच्या अंतरास ते चांगले. परंतु मोकळें रान म्हणजे सर्वांचींच गुरें तेथें. घरोघरचीं वाय-फाय यंत्रें, ब्लूटूथ, सर्वांची गर्दी याच पट्ट्यांत असते. तालीम रिकाम्या सभागृहांत निर्दोष होते. कार्यक्रमास पांचशें माणसें खिशांत पांचशें फोन घेऊन बसतात आणि आवाज तुटूं लागतो. ७ जून २०१० रोजीं ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स स्वतःचा नवा फोन व्यासपीठावरून दाखवीत असतां सभागृहांतील पांचशेंहून अधिक वाय-फाय यंत्रांच्या गर्दीनें त्यांचें प्रात्यक्षिक अडलें होतें, आणि त्यांस प्रेक्षकांस यंत्रें बंद करण्याची विनंती करावी लागली. जें त्यांच्या सभेंत घडलें तें आमच्या मंडपांत घडणार नाहीं, असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

ब्लूटूथवर चालणारे जे खेळण्यासारखे माइक जत्रेंत मिळतात, त्यांत आणखी एक वैगुण्य आहे. आवाज पोंचण्यास पुष्कळदां सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक काळ जातो. आवाज हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. म्हणजे गायकास स्वतःचा सूर चौतीस मीटरांवरून परत आल्यासारखा ऐकूं येतो. अशांत ताल कोण सांभाळील? चांगल्या डिजिटल संचांत हा विलंब दोन-चार हजारांश सेकंदांचा असतो, म्हणजे एखाद्या मीटराचें अंतर; तो कोणास जाणवत नाहीं.

एकाहून अधिक माइक लावतांना लहरी समान अंतरावर ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. दोन प्रक्षेपक जवळ आले कीं त्यांच्या भेसळींतून नव्या लहरी उत्पन्न होतात : एकीची दुप्पट वजा दुसरी. समजा, एक ६०० वर व दुसरा ६०१ वर आहे. तर ५९९ आणि ६०२ येथें दोन भुतें उभीं राहतात. तिसरा माइक कोणी हौसेनें ६०२ वर ठेवला तर तो नेमका भुताच्या मानेवर बसतो. संच करणाऱ्यांनीं असे धोके टाळून लहरींचे गट आधींच आंखून यंत्रांत भरलेले असतात. सर्व माइक एकाच गटांतले घ्यावे, म्हणजे हें गणित आपणांस करावें लागत नाहीं. आणि ही परीक्षा सर्व माइक एकदम चालू करूनच घ्यावी. एकेकटा माइक निर्दोष निघाला, एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं.

ग्राहकयंत्र कोठें ठेवावें? बहुतेक ठिकाणीं तें मागच्या लोखंडी कपाटांत मिक्सराशेजारीं सांपडतें. प्रक्षेपक व एरियल यांनीं एकमेकांस पाहिलें पाहिजे, एवढें धोरण ठेवावें. मनुष्याचें शरीर म्हणजे बहुतांशीं खारें पाणी. तें या लहरी शोषून घेतें. बसलेल्या लोकांच्या डोक्यांच्या उंचीवर एरियल असला तर प्रत्येक डोकें वाटेंतला बांध होतो. तो डोक्यांहून उंच, रंगमंचाच्या बाजूस, पत्र्यापासून व लोखंडी खांबांपासून दूर असावा. आणि हल्लीं जे प्रकाशाचे मोठे पडदे लावतात त्यांपासूनही, कारण त्यांतून रेडिओचा कचरा सांडतो. मंडपांत लहरी पत्र्यावर आपटून दोन वाटांनीं येतात व कोठें कोठें एकमेकींस मारतात. तेथें नट उभा राहिला कीं आवाज क्षणभर लोपतो. यासाठींच चांगल्या यंत्रास दोन एरियल असतात. एकाच्या जागीं लहर मेली तरी दुसऱ्याच्या जागीं ती जिवंत असते. ६०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाचा, अर्ध्या वितीएवढा, एरियल डबीस लोंबत असतो. तो गुंडाळून खिशांत कोंबूं नये व घामेजल्या अंगास चिकटूं देऊं नये. नाचणाऱ्या मुलांच्या डब्या पातळ रबरी पिशवींत घालण्याची रंगभूमीवरील पद्धत आहे, तीही घेण्याजोगी आहे.

सेलांविषयीं थोडक्यांत. प्रत्येक प्रयोगास ताजे घालावे, जुना-नवा यांची जोडी करूं नये. रोजच्या वापरास पुन्हां भरतां येणारे निकेलचे सेल दीर्घकाळीं स्वस्त पडतात. मात्र त्यांचा दाब १.२ व्होल्ट, साध्या सेलांचा १.५, म्हणून यंत्रांत तशी खूण निवडावी लागते, नाहीं तर सेल किती उरले हें यंत्र खोटें सांगतें.

विकत घ्यावा कीं भाड्यानें आणावा, हा प्रश्न समितींत येतोच. आमचें मत असें कीं, रविवारच्या उपयोगास दोन उत्तम माइक धर्मग्रामाच्या मालकीचे असावे, आणि नाटकासाठीं लागणारे आठ-दहा त्या दोन रात्रींपुरते भाड्यानें आणावे. एकाच किमतींत आठ हलके घेण्यापेक्षां दोन चांगले घेतलेले बरे. भाड्याच्या संचाबरोबर तो हाताळणारा मनुष्य मागावा, व त्यास तालमीच्या दिवशींच बोलवावें. दर माइकावर क्रमांकाची चिठ्ठी लावून, कोणत्या प्रवेशांत कोणता कोणाच्या अंगावर, याची यादी एका माणसानें हातीं धरावी.

आणि एक सावधगिरी. अंगावरचा माइक आपण विसरतों. तो आपणांस विसरत नाहीं. २८ एप्रिल २०१० रोजीं इंग्लंडचे तत्कालीन पंतप्रधान गॉर्डन ब्राउन रॉचडेल गांवीं प्रचार करून मोटारींत बसले. दूरचित्रवाणीचा बिनतारी माइक कोटावर तसाच चालू होता. एका वृद्ध मतदार बाईविषयीं ते खाजगींत जें कडवट बोलले तें देशभर ऐकविलें गेलें, आणि त्यांस तिच्या घरीं जाऊन क्षमा मागावी लागली. मतदान आठवड्यावर आलें होतें. आमच्या मुलांचें रंगपटांतलें बोलणें इतकें महाग पडणार नाहीं. तरी नट आंत गेला कीं त्याचा माइक मिक्सरावरच बंद करावा. डबीवरील कळ नटांच्या हातीं देऊं नये. बाहेर येतांना ती लावावयास ते हमखास विसरतात.

समोरच्या मेजावर आम्हीं तिन्ही प्रकारचे माइक मांडून ठेविले आहेत. नाटकांतील मुलांनीं पुढें यावें, एकेकानें डोक्यावर बसवून पाहावा, आणि मंडपाच्या अगदीं मागल्या टोकापर्यंत चालत जाऊन आपलें भाषण म्हणावें. आम्ही मागच्या बांकावर जाऊन बसतों.