नाब्लुसच्या वह्यांमधून पीएच.डी.

पॅलेस्टाईनवर पीएच.डी. करायची, तर तयारी कशी लागते? इतिहासकार बिशारा दोमानी यांचंच उदाहरण घेऊ. १९९० साली अमेरिकेच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. विषय होता उस्मानी काळातला, पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहराभोवतीचा डोंगराळ मुलूख.

त्यांचं मुख्य साधन होतं शरिया न्यायालयाच्या जुन्या नोंदवह्या. घरांची खरेदीखतं, मेहेरच्या रकमा, वारसांमधल्या वाटण्या, सगळं त्यात सापडतं. नाब्लुस ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठी नावाजलेलं. व्यापारी शेतकऱ्याला आधी उचल देत आणि हंगामात तेल घेत. पीक बुडालं की कर्ज चढायचं. राजेरजवाड्यांच्या फर्मानांत हा शेतकरी क्वचितच दिसतो. वहीत मात्र भेटतो. यातूनच १९९५ साली त्यांचं ‘रीडिस्कव्हरिंग पॅलेस्टाईन’ हे पुस्तक आलं.

मोडी आल्याशिवाय पेशवे दफ्तर वाचता येत नाही, तशीच इथे अरबी हवी. शिवाय इस्तंबूलच्या कागदांसाठी उस्मानी तुर्की, इस्रायली दफ्तरांसाठी हिब्रू आणि लंडनमधल्या ब्रिटिश अमदानीच्या फायलींसाठी इंग्रजी. एका देशाचा इतिहास चार ठिकाणी विखुरलेला! त्यात १९८२ साली बैरूतमधल्या पॅलेस्टिनी संशोधन केंद्राचा संग्रह इस्रायली सैन्याने उचलून नेला, ती आणखी एक अडचण.

अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठात २०२० साली कवी महमूद दरवीश यांच्या नावाने पॅलेस्टाईन अभ्यासाचं अध्यासन सुरू झालं. त्याचे पहिले प्राध्यापक दोमानीच.