हाक आणि ओ



 या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत विषय छापलाय 'इंटरनेट टेलिफोनचं युग'. आवाजाचे तुकडे होऊन ते इंटरनेटवरून कसे जातात, हे आपण जाणताच. मी थेट मुद्द्यावर येतो. फोन जोडलेला आहे की नाही हे त्याच्या दिव्यावरून ठरत नाही. हाक मारली आणि 'ओ' आली, तरच तो जोडलेला.

जुन्या काळ्या फोनला एक्स्चेंज तारेतूनच ४८ व्होल्टचा पुरवठा करायचं. रिसीव्हर उचलला की डायल टोन, म्हणजे एक्स्चेंजची ओ. घरची लाइट गेली तरी ती यायची. इंटरनेटच्या फोनमध्ये ती टोन फोन स्वतःच वाजवतो.

आता आमच्या मीरा रोडच्या सोसायटीतली गोष्ट सांगतो. गेटवरच्या केबिनमध्ये असा फोन, घराघरांत मोबाइलवर ॲप, मधे कंपनीचा सर्व्हर. एका रात्री दोन वाजता चौदाव्या मजल्यावरच्या आजी बाथरूममध्ये पडल्या. ॲम्ब्युलन्ससाठी मागचं गेट उघडायला सांगावं म्हणून मुलगा केबिनला फोन लावतोय, लागत नाही. वॉचमन जागा, फोन समोर, हिरवा दिवा चालू. शेवटी मुलगा जिने उतरून धावला. आजी आज बऱ्या आहेत. पण दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, त्याने केबिनमधून वर फोन लावला, लागला. वरून खाली लावला, तोही लागला. 'चालतोय की!' म्हणून निघून गेला. रात्री पुन्हा तेच.

मागून कोणीतरी म्हणतंय, 'मोबाइल आहे ना!' (हशा) आहे, मान्य. पण आपल्या वॉचमनचा नंबर किती जणांकडे आहे? हात वर करा. चारच. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नाही.

घोळ राउटरचा होता. राउटर हाही एक वॉचमनच. आतून कोणी 'माझ्याकडे पाहुणा येतोय' असं कळवलं, तरच बाहेरच्याला सोडतो आणि ते थोडाच वेळ लक्षात ठेवतो. कित्येक राउटर अर्ध्या मिनिटात विसरतात. फोन मात्र सर्व्हरकडे आपली हजेरी लावतो ती बऱ्याचदा तासाने, ३६०० सेकंदांनी. मधल्या वेळात सर्व्हरच्या वहीत फोन हजर, आणि दार बंद. त्या माणसाने केबिनमधून फोन लावला तेव्हा दार उघडलं, म्हणून उलटाही लागला. तपासणीच दुरुस्ती करत होती!

उपाय आहे. इंटरनेटवरून फोन जोडण्याच्या एसआयपी या पद्धतीचा आजचा पाया २००२ सालचा. या पद्धतीत 'ऑप्शन्स' नावाची विचारणा आहे. सर्व्हरने ठरावीक वेळाने फोनला विचारायचं. 'जमत नाही' असं उत्तर आलं तरी चालतं; उत्तर आलं म्हणजे पलीकडे कोणी आहे. ॲस्टेरिस्कसारख्या फोन-सर्व्हरच्या प्रणालीत ही विचारणा मिनिटामिनिटाला लावता येते. तेवढ्याने दार उघडं राहत नसेल, तर मधला वेळ आणखी कमी करायचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दोनच मिनिटं. मग उत्तनच्या कोळीवाड्याला जवळचं एक उदाहरण सांगतो आणि थांबतो. समुद्रावर संकट आलं तर उपग्रहामार्फत हाक देणारं यंत्र इस्रोने मच्छीमारांसाठी केलं, २०१० पासून ते वापरात आहे. बटण दाबलं की हाक जायची. पोहोचली की नाही, हे बोटीला कळायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने पुढची आवृत्ती जाहीर केली. तिच्यात किनाऱ्यावरून पोच येते. बुडत्या बोटीवर त्या पोचेची किंमत काय, हे कोळीवाड्याला मी सांगायला नको.

तेव्हा एवढंच करा. आज घरी गेल्यावर केबिनमधल्या फोनला तासभर कोणालाही हात लावू देऊ नका. मग वरून एक रिंग द्या. ओ आली नाही, तर उद्या सकाळी कमिटीला कळवा.