राखून ठेवलेला अर्धा तास

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावर एक रकाना असतो : इयत्ता व तुकडी. इयत्ता बहुतेक वडिलांना ठाऊक असते. तुकडीपाशी लेखणी थबकते आणि स्वयंपाकघराच्या दिशेने प्रश्न जातो, ‘‘अगं, याची तुकडी कोणती?’’ घरोघरी हा प्रसंग हसण्यावारी नेला जातो. पण वस्तीतील चाळीस घरांची आजारपणे आणि लग्नकार्ये ज्याला तोंडपाठ असतात, त्याच कार्यकर्त्याला स्वतःच्या मुलाची तुकडी आठवू नये, हे हसण्याजोगे खचित नाही.

हा माणूस आळशी नव्हे. बेजबाबदार तर मुळीच नव्हे. सकाळची गाडी, दिवसभर कार्यालय, संध्याकाळी बैठक, वाटेत रुग्णालयात कुणाची विचारपूस आणि रात्री दहाला घर. तोवर मूल झोपलेले असते. मनाशी तो म्हणतो, एवढे काम मार्गी लागले की मुलांसाठी वेळ काढू. ‘वेळ काढणे’ ही भाषाच फसवी आहे. काढायचा तो उरलेल्यातून. आणि समाजाचे काम असे आहे की, त्यातून काही उरत नाही. ते पिढ्यानुपिढ्या चालायचे. बालपण मात्र दहा-बारा वर्षांत आटोपते.

याबाबत हक्काने पुढे केले जाणारे नाव म्हणजे लोकमान्य टिळकांचे. देशकार्यापुढे त्यांनी संसाराकडे पाहिले नाही, मग सामान्य कार्यकर्त्याने का पाहावे, असा तो युक्तिवाद. लोकमान्यांचे चरित्र नीट वाचले तर ते याच्या बाजूने साक्ष देत नाही.

लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत हे रत्नागिरीतील शिक्षक. तुटपुंज्या पगाराची नोकरी, वर अभ्यासाचा व्यासंग. तरीही मुलाचे संस्कृत आणि गणित त्यांनी स्वतः घरी करून घेतले. पाठ केलेल्या प्रत्येक श्लोकामागे ते बाळला एक पै देत, अशी आठवण चरित्रकारांनी नोंदविली आहे. पै महत्त्वाची नाही. ती देण्यासाठी श्लोक ऐकत समोर बसावे लागे, ते महत्त्वाचे. १८६६ मध्ये हे कुटुंब पुण्यास आले, त्याच वर्षी आई पार्वतीबाई गेल्या. १८७२ मध्ये गंगाधरपंतही निवर्तले. मुलगा सोळा वर्षांचा होता. म्हणजे या पित्याला मिळाली ती एवढीच सोळा वर्षे. ‘पुढे निवृत्तीनंतर पाहू’ असे त्यांनी ठरविले असते, तर ते ‘पुढे’ आलेच नसते.

आता पिता म्हणून स्वतः लोकमान्य. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा रामचंद्र आणि श्रीधर हे दोघे शाळकरी वयाचे होते. १९१२ मध्ये सत्यभामाबाई वारल्या आणि पती तेव्हा मंडालेत होता. तुरुंगातून मोजकीच पत्रे लिहिण्याची मुभा. ‘गीतारहस्य’ जेथे लिहिले गेले त्याच कोठडीतून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना पत्रे जात, आणि त्यांत मुलांच्या शिक्षणाची चौकशी असे. ज्याचा वेळ सरकारने हिरावून घेतला होता, तो पिता मोजून मिळालेल्या कागदात मुलांच्या अभ्यासाला जागा ठेवीत होता. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून आले तेव्हा ती मुले मिसरूड फुटलेले तरुण झाली होती. ही सहा वर्षे कुणी परत देऊ शकले नाही.

लोकमान्यांना मंडालेला नेले गेले. डोंबिवलीच्या वा सदाशिव पेठेच्या कार्यकर्त्याला कुणी नेलेले नाही. त्याच्या अनुपस्थितीला लोकमान्यांचा आधार घेणे हा लोकमान्यांवरही अन्याय आहे.

मग करावे काय? हिशेब अगदी साधा आहे. रोज अर्धा तास धरला तरी दहा वर्षांचे होतात एक हजार आठशे पंचवीस तास. अहोरात्र मोजले तर जेमतेम अडीच महिने! ज्या पुत्रासाठी नवस बोलले, त्याच्या वाट्याला दहा वर्षांत अडीच महिने. आणि तेही कितीतरी घरांत मिळत नाहीत. वर्षातून दोनदा कोकणात नेऊन, मोठे खेळणे आणून ही भरपाई होत नसते. मुलाचे मन उघडते ते अवेळी, दप्तर भरताना, अंघोळीच्या वेळी, अंथरूण घालताना. त्या वेळी जवळ असावे लागते, आणि हातात मोबाईल नसावा लागतो.

मुंजीत गायत्रीचा उपदेश वडिलांनीच करायचा असतो. धोतराच्या आडोशाने मुलाच्या कानाशी बाप मंत्र सांगतो, तो सोहळा छायाचित्रकारही तत्परतेने टिपतो. त्यानंतर मात्र त्या कानाला वडिलांचा आवाज ऐकू येतो तो बहुधा प्रगतिपुस्तक हाती पडल्यावरच. पहिला गुरू पिता, ही योजना काय केवळ त्या एका सकाळपुरती होती?

या अर्ध्या तासाचा भार आजवर घरातील स्त्रीने उचलला. तिच्या वेळेचा हिशेब कुणी मागितला नाही, तिनेही मांडला नाही. नोकरी करून आल्यावर मुलाचा अभ्यास घेणारी माता आणि त्याच वेळी ‘मला बैठक आहे’ म्हणून चपला घालणारा पिता, हे दृश्य मुलगी पाहते आणि मुलगाही पाहतो. पुढे ती दोघे आपापले संसार मांडतील तेव्हा हेच गिरवतील.

यात बैठका घेणाऱ्यांचाही भाग आहे. कार्यकर्त्याच्या दैनंदिनीत बैठकीची वेळ लिहिलेली असते, म्हणून ती पाळली जाते. मुलाची वेळ लिहिलेली नसते, म्हणून ती मोडते. ती लिहावी, आणि बैठक बोलावणाऱ्याने तिला बैठकीइतकाच मान द्यावा. आठला संपणारी बैठक आठलाच संपवणे हीदेखील कुणाच्या तरी लेकराची सेवा आहे. निमंत्रणपत्रिकेवर हा मेळावा साडेसातला संपेल असे छापले आहे. समोरच्या घड्याळात पावणेआठ वाजले आहेत, आणि पुढच्या रांगेतली दोन मुले केव्हाच वडिलांच्या मांडीवर झोपली आहेत.